दुर्बीण आखूड झाली आणि फोकसरचं काम वाढलं



आज दुर्बिणीच्या एका अशा भागाची गोष्ट सांगणार आहे, ज्याच्याबद्दल दुकानात सहसा कोणी विचारत नाही. दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस विचारतो, भिंग केवढं आहे? आरसा केवढा आहे? किती पट मोठं दिसतं? पण फोकसर कसा आहे, असं विचारणारा विरळाच. फोकसर म्हणजे डोळा किंवा कॅमेरा लावायच्या जागी असलेली, आतबाहेर सरकणारी छोटी नळी आणि तिच्या बाजूची फिरकी. ती फिरवली की अंधुक चंद्र एकदम रेखीव होतो. एवढंच तिचं काम, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

तो समज मोडला अल कुआच्या वाळूत. तुमच्यापैकी काही जण तिथे गेला असाल. अल ऐनच्या दक्षिणेला, अबू धाबी अमिरातीतच, शहरांचा उजेड मागे पडतो आणि चांदणं खऱ्या अर्थानं अंगावर येतं. हिवाळ्यातली रात्र होती. संध्याकाळी सात-साडेसातला रोहिणीच्या ताऱ्यावर नीट फोकस केला, स्क्रू आवळला, मृगातल्या तेजोमेघाकडे दुर्बीण वळवली, कॅमेरा सुरू केला आणि थर्मासमधला चहा घेऊन खुर्चीत बसलो. मध्यरात्रीपर्यंत सगळं आपोआप चाललं होतं. दुसऱ्या दिवशी घरी लॅपटॉपवर पाहिलं, तर सुरुवातीचे फोटो छान होते. पुढे प्रत्येक फोटोत तारे थोडे थोडे फुगत गेलेले. शेवटच्या फोटोंत तारे नव्हते, साबुदाणे होते.

फोकसरला कोणी हात लावला नव्हता. मग फोकस हलला कसा? पहिला विचार आला तोच, जो आपल्या सगळ्यांना येतो: आता मोठी दुर्बीण घ्यायची वेळ आली. तुम्हीही कदाचित आज त्याच विचारात असाल. थांबा. पैसे काढण्याआधी चारशे वर्षांची ही गोष्ट ऐका. मी ऐकली, आणि दुर्बीण न बदलता फक्त फोकसर बदलला.

सुरुवात 1609 पासून करू. गॅलिलिओच्या दुर्बिणीला फोकसर नव्हताच. दोन नळ्या, एक दुसरीत सरकणारी. हातानं ओढायची, ढकलायची, आणि स्पष्ट दिसलं की थांबायचं. एवढ्यावर त्यानं गुरूचे चार चंद्र शोधले. हे कसं जमलं? एक कारण आपला डोळा. डोळ्यातलं भिंग स्वतःच थोडं आकार बदलतं आणि राहिलेली चूक सांभाळून घेतं. दुसरं कारण त्याच्या दुर्बिणीच्या भूमितीत होतं. भिंगाच्या कडेचा भाग खराब प्रतिमा देतो म्हणून तो कडा झाकून मधला थोडासाच भाग उघडा ठेवत असे. म्हणजे नळी लांब, आणि प्रकाश आत येण्याची वाट लहान.

इथे एक छोटं गणित समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. भिंगातून आलेला प्रकाश निमुळता होत एका बिंदूत मिळतो. नळी लांब आणि भिंग लहान असेल तर हा प्रकाशाचा सुळका सुईसारखा लांबट असतो. टोकाच्या थोडं अलीकडे किंवा पलीकडे पाहिलं तरी तो बारीकच दिसतो, त्यामुळे चूक खपून जाते. नळी आखूड आणि भिंग मोठं असेल तर तोच सुळका नरसाळ्यासारखा पसरट होतो. टोकापासून जरा सरकलात की ठिपका लगेच मोठा. केंद्रांतराला भिंगाच्या व्यासानं भागलं की जो आकडा येतो, त्याला फोटोग्राफर मंडळी एफ नंबर म्हणतात. 500 मिलिमीटर केंद्रांतर आणि 100 मिलिमीटर भिंग म्हणजे एफ 5. आणि फोकसमध्ये किती चूक चालेल, हे या आकड्याच्या वर्गावर ठरतं. आकडा निम्मा झाला की चुकीला मिळणारी सूट चौथ्या हिश्श्यावर येते.

सतराव्या शतकातल्या ज्योतिर्विदांनी नकळत या नियमाचा फायदा घेतला. तेव्हा साध्या एकाच भिंगातून ताऱ्यांभोवती रंगीत कडा दिसायच्या. त्या कमी करायचा एकच उपाय माहीत होता, नळी लांब करा. डान्झिगच्या हेवेलियसनं 150 फुटांची दुर्बीण उभी केली. नळी कसली, खांबावर दोरखंडांनी लटकवलेली लाकडाची लांबच लांब चौकट ती. वारा आला की डोलायची. फोकस करणं सोपं होतं, पण अख्खी दुर्बीण धरून ठेवणं हेच महाकठीण.

मग 1758 मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडनं दोन वेगळ्या काचा जोडून रंग काबूत ठेवणाऱ्या भिंगाचं पेटंट घेतलं. खरं तर चेस्टर मूर हॉल नावाच्या गृहस्थानं असं भिंग त्याच्या कितीतरी आधी करवून घेतलं होतं, पण त्यानं गवगवा केला नाही. डॉलंडच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा पीटर यानं लंडनच्या इतर भिंगवाल्यांवर दावे लावले. कोर्टानं पेटंट उचलून धरलं. हे पेटंटचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे. आपल्या गोष्टीपुरतं महत्त्वाचं एवढंच, की आता दुर्बीण आखूड करता येऊ लागली. आखूड झाली म्हणजे नुसत्या हातानं नळी सरकवणं पुरेना. बारीक हालचाल हवी. त्यासाठी नळीवर दातेरी पट्टी आणि तिच्यात बसणारं छोटं दातेरी चाक ही जोडी रुळली. फिरकी फिरवली की नळी सरकते. आजही स्वस्त दुर्बिणींवर तुम्हाला हीच जोडी दिसेल.

आता आपल्या मुलखात येऊ. साल 1898. मुंबई-पुण्यात प्लेगची साथ होती. त्याच हिवाळ्यात, 22 जानेवारीला, खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून जाणार होती. जेऊर रेल्वेमार्गावर, त्यामुळे अवजड सामान आणायला सोयीचं. तिथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन आले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती आणि तिथे 20 इंची आरशाची दुर्बीण चालवली होती. पुढे 1912 मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. पण 1898 मध्ये जगभरचे लोक ग्रहणासाठी महाराष्ट्रात येत असताना, आपल्या बाजूनं उभे होते ते नायगमवाला.

त्याच जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल पत्नी एलिझाबेथसह आले होते. त्यांच्याबरोबर होता 40 फुटी कॅमेरा. भिंग फक्त 5 इंचांचं, पण केंद्रांतर 40 फूट! त्यातून चंद्राची प्रतिमा सुमारे 11 सेंटिमीटर व्यासाची पडायची. एवढी लांब दुर्बीण फिरवणं अशक्य, म्हणून ती सूर्य जिथे येणार त्या दिशेला रोखून पक्की बांधायची, आणि सूर्य सरकेल तशी खाली फोटोची काच सरकवायची. जेऊरची जमीन सपाट, म्हणून भिंगासाठी मनोरा उभारला. या रचनेतली खरी हुशारी अशी, की भिंगाचा आधार वेगळा, काचेचा आधार वेगळा आणि मधल्या नळीचा आधार वेगळा. नळीचं काम फक्त बाहेरचा उजेड अडवण्याचं. वाऱ्यानं ती हलली तरी भिंग आणि काच जागच्या जागी.

आता मघाचं गणित इथे लावून पाहा. 40 फूट भागिले 5 इंच म्हणजे एफ 96. या आकड्याला फोकसमध्ये चालणारी चूक येते जवळपास दोन सेंटिमीटर. बोटभर जागा! भर दुपारी, जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात, पुन्हा संधी न मिळणारे फोटो घ्यायचे होते. त्या दोन मिनिटांत फोकसची चिंता त्यांना फारशी करावी लागली नाही, कारण ती त्यांच्या 40 फुटांनी आधीच उचलली होती. किंमत त्यांनी मनोऱ्यात, मजुरीत आणि जहाजाच्या भाड्यात मोजली होती.

ही सूट नसेल तर काय होतं, ते एकवीस वर्षांनी जगानं पाहिलं. 29 मे 1919. आइन्स्टाइन खरा की न्यूटन, हे ठरवायला इंग्लंडहून दोन तुकड्या निघाल्या होत्या. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकतो, हे मोजायचं. आइन्स्टाइनच्या हिशेबानं 1.75 विकला, न्यूटनच्या हिशेबानं त्याच्या निम्मा, 0.87. एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले. क्रॉमेलिन आणि डेव्हिडसन ब्राझीलमधल्या सोब्राल गावी. सोब्रालला मुख्य दुर्बीण होती ग्रिनिचहून आणलेली, आणि जोडीला म्हणून बरोबर घेतलेली एक 4 इंची. दोन्ही दुर्बिणी आडव्या ठेवलेल्या, आणि आकाशाचा प्रकाश फिरत्या सपाट आरशावरून त्यांच्यात सोडलेला.

मुख्य दुर्बिणीचा फोकस रात्री ताऱ्यांवर पक्का केला होता. ग्रहणाच्या वेळी तिच्यावर 19 फोटो घेतले, 4 इंचीवर 8. दुसऱ्या दिवशी पहाटे मुख्य दुर्बिणीच्या काही काचा धुऊन पाहिल्या, तर तारे पसरलेले. फोकस गेला होता. कोणी हात लावला नव्हता! मोजदाद करणाऱ्यांनी दोष दिला तो आरशाला. सकाळपासूनच्या उन्हानं तो असमान तापला आणि किंचित वाकला, असा त्यांचा निष्कर्ष. ऊन गेल्यावर फोकस पुन्हा जागेवर आला.

आता ऐका, काय पणाला लागलं होतं. त्या पसरलेल्या ताऱ्यांवरून मोजलं तर उत्तर येत होतं 0.93. म्हणजे न्यूटनच्या जवळ! 4 इंचीवरच्या रेखीव फोटोंवरून उत्तर आलं 1.98, प्रिन्सिपेहून 1.61. मुख्य दुर्बिणीचे फोटो सदोष म्हणून बाजूला ठेवले गेले, आणि 6 नोव्हेंबर 1919 ला लंडनमध्ये आइन्स्टाइनच्या बाजूनं निकाल जाहीर झाला. सोयीचे आकडे ठेवले आणि गैरसोयीचे टाकले, असा आरोप यावर पुढे बरीच वर्षं होत राहिला. 1979 मध्ये त्याच जुन्या काचा नव्या यंत्रानं पुन्हा मोजल्या, तेव्हा त्या पसरलेल्या ताऱ्यांतूनही 1.55 हे उत्तर निघालं. चुकीला जागा बरीच होती, पण आकडा आइन्स्टाइनच्या बाजूला झुकला होता. एका ढळलेल्या फोकसची शंका फिटायला साठ वर्षं लागली.

आणि ती जोडीची 4 इंची का वाचली? तिचा आरसा वेगळा होता, हे एक. पण भूमितीही तिच्या बाजूनं होती. 19 फुटांहून जास्त केंद्रांतर आणि 4 इंचांचं भिंग, म्हणजे जवळपास एफ 58. मुख्य दुर्बीण 8 इंचांवर झाकूनही एफ 17 च्या आसपास. वर्गाचा नियम लावला तर 4 इंचीला फोकसच्या चुकीची सूट दहापटीहून जास्त होती. लहान, स्वस्त, जोडीला म्हणून आणलेल्या दुर्बिणीनं लाज राखली.

मंडळी, आता तुमच्या गॅलरीतली दुर्बीण आठवा. इथे आपण राहतो चौदाव्या, वीसाव्या मजल्यावर. दुर्बीण लिफ्टमध्ये मावली पाहिजे, गाडीच्या डिकीत बसली पाहिजे, दिवाळीला पुण्या-नाशकाला न्यायची तर विमानाच्या सामानात गेली पाहिजे. म्हणून आपण आखूड घेतो. 100 मिलिमीटर भिंग, 500 मिलिमीटर केंद्रांतर, एफ 5. सुबक आणि सोयीची. पण त्याच सूत्रानं हिशेब केला तर तिला फोकसमध्ये चालणारी एकूण जागा येते साधारण 65 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीएवढी. जेऊरला दोन सेंटिमीटर होती. तीनशेपट फरक! कॅम्बेलसाहेबांच्या 40 फुटांनी जे ओझं उचललं होतं, ते आता अंगठ्याएवढ्या फिरकीवर येऊन पडलं आहे.

त्यात वाळवंटाची रात्र. ॲल्युमिनियमची एक मीटर नळी दर अंशाला 23 मायक्रॉन आखडते. आपली अर्ध्या मीटरची नळी दर अंशाला साडेअकरा मायक्रॉन. हिवाळ्यात सूर्य मावळल्यावर वाळू भराभर थंड होते आणि मध्यरात्रीपर्यंत पारा दहा अंश सहज उतरतो. दहा अंश म्हणजे 115 मायक्रॉन. आपल्याकडे जागा होती 65, तीही दोन्ही बाजूंना मिळून. म्हणजे अगदी मधोमध फोकस केला असला तरी पारा तीन अंश उतरला की आपण बाहेर! काचही तापमानानं बदलते, त्यामुळे प्रत्येक दुर्बिणीचा नेमका आकडा थोडा वेगळा येईल, पण दिशा हीच. अल कुआत माझा फोकस कोणी हलवला, याचं उत्तर मला मिळालं. सोब्रालला उन्हानं हलवला होता, माझा थंडीनं हलवला.

हीच अडचण या देशात काही लोकांना उलट्या बाजूनं, दिवसा भेटते. अबू धाबीच्या वाळवंटात अल खतम वेधशाळा आहे. महिना बदलताना सूर्याजवळची नखाएवढी चंद्रकोर ते लोक भर दिवसा कॅमेऱ्यात पकडतात. तापलेली नळी, उजळ आकाश, आणि फोकस करायला आसपास एक तारा नाही. सोब्रालची ती सकाळ त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येते.

मग उपाय काय निघाले? दातेरी पट्टीचा मोठा दोष म्हणजे दातांमधली फट. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये म्हणतात ना, प्ले आलाय. फिरकी उलटी फिरवली की आधी फट भरते, मग नळी हलते. डोळ्यानं बघताना ते चालून जातं, केसाच्या जाडीचं काम असेल तर नाही.

यावरचा देखणा तोडगा काढला जॉन वॉल या इंग्रज हौशी निरीक्षकानं. लंडनच्या आग्नेयेला क्रेफर्ड नावाचं गाव आहे, तिथल्या खगोल मंडळाचे ते सभासद. त्यांनी दातच काढून टाकले. सरकणारी नळी एका बाजूनं चार छोट्या बेअरिंगांवर टेकवली आणि दुसऱ्या बाजूनं एक गुळगुळीत दांडा तिच्यावर दाबून बसवला. दांडा फिरला की नुसत्या घर्षणानं नळी सरकते. दात नाहीत, त्यामुळे फट नाही. फट नाही, त्यामुळे धक्का नाही. आणि खास यंत्रं नसलेला माणूसही घरच्या घरी तो बनवू शकतो. 1971 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याचं वर्णन आलं, 1972 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या स्काय अँड टेलिस्कोपमध्ये. गावाच्या नावावरून त्याला क्रेफर्ड फोकसर म्हणू लागले.

आणि वॉल यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. हौशी मंडळींना वापरता यावा म्हणून कल्पना मोकळी सोडली.

मी एमबीए केलेला माणूस. आमच्या वर्गात असं उदाहरण आलं असतं तर फळ्यावर त्याच्यासमोर 'गमावलेली संधी' असं लिहिलं गेलं असतं. पण डॉलंड आठवा. त्या पेटंटानं एका घराण्याचं भलं केलं आणि बाकीचे कारागीर कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. वॉल यांच्या न घेतलेल्या पेटंटामुळे आज जगभरच्या कारखान्यांत क्रेफर्ड फोकसर बनतो, आणि हौशी लोक घरी पाईपाच्या तुकड्यांतूनही बनवतात. पुढे 2005 च्या सुमारास पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी फोटोग्राफरनं तसंच केलं. विशिष्ट रेघांच्या फटी पाडलेली एक जाळी दुर्बिणीच्या तोंडावर लावायची. ताऱ्यातून तीन किरण फुटतात, आणि मधला किरण बरोबर मध्यावर आला की फोकस पक्का. पुठ्ठ्यातून कापूनही ती करता येते. पुण्यात 1944 पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या आपल्या संस्था टिकल्या त्याही याच वृत्तीवर, की आपल्याला आलेलं दुसऱ्याला दाखवायचं.

पण क्रेफर्डचीही एक मर्यादा आहे. घर्षणावर चालणारी गोष्ट वजनाला घसरते. आजचे थंड करणारे कॅमेरे, फिल्टरची चाकं, सगळं जोडून नळीला लटकवलं आणि दुर्बीण डोक्यावर रोखली, की नळी हळूच खाली उतरू शकते. म्हणून गेल्या काही वर्षांत दातेरी पट्टी परत आली, पण नव्या रूपात. दात तिरके कापलेले, फट जवळपास नाही, आणि फिरकीवर दहास एक असा मंद गिअर. वर छोटी मोटार. संगणक एकामागून एक फोटो काढतो, दर फोटोत ताऱ्याचा आकार मोजतो, आणि फोकसर पुढे नेता नेता तो आकार कमी होऊन पुन्हा वाढला की मधली सर्वांत बारीक जागा गाठतो. शेजारी तापमान मोजणारा संवेदक असतो. पारा दोन अंश उतरला की फोटो थांबवून फोकस पुन्हा. जेऊरला जे काम 40 फूट लांबीनं केलं, ते आता मोटार करते.

आता तुमच्या कामाचं. फोकसर बदलण्याआधी तीन गोष्टी घरीच तपासा. पहिली, ताऱ्यावर रोखून फिरकी पुढे-मागे करा. तारा बाजूला उडी मारत असेल तर नळी डुलते आहे. आधी तिचे दाब देणारे स्क्रू हळुवार आवळून पाहा, कधीकधी तेवढ्यानंच काम होतं. दुसरी, कॅमेरा लावून दुर्बीण माथ्यावर रोखा, नळीवर पेन्सिलीची बारीक खूण करा आणि अर्ध्या तासानं पाहा. खूण सरकली असेल तर नळी घसरते आहे. तिसरी, फोटोचे चारही कोपरे तपासा. एकाच कोपऱ्यात तारे लांबट असतील तर कॅमेरा तिरका बसला असण्याची शक्यता मोठी, आणि ढिला फोकसर हे त्याचं नेहमीचं कारण.

इथल्या हवेचं वेगळं सांगायला हवं. बारीक वाळू आणि ग्रीस मिळून घासायचा लेप तयार होतो, तो दातांना खातो. म्हणून ग्रीस थोडंच लावा, आणि घरी आल्यावर नळी आत ढकलण्याआधी मऊ ब्रशनं झटका. उन्हाळ्यात एसीच्या खोलीतून थेट बाहेर नेऊ नका. काचेवर दव धरतं, आणि नळीला बाहेरच्या तापमानावर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ फोकस सरकतच राहतो.

हे सगळं तपासूनही फोकसर कमी पडत असेल, तर बदला. घेताना आपल्या दुर्बिणीच्या मागच्या कड्याचं माप मिलिमीटरच्या दशांशापर्यंत घ्या, कारण जोडकडं चुकीचं आलं तर सगळा खटाटोप फुकट. नवा फोकसर जुन्यापेक्षा उंच असेल तर कॅमेरा फोकसपर्यंत पोचेल का, तेही आधी मोजा. आणि मोटार लगेच घ्यायची नसेल तर एक घड्याळ पुरे. सूर्यास्तानंतरचे पहिले तीन तास दर अर्ध्या तासाला उठा, बाख्तिनोव्हची जाळी लावा, फोकस पुन्हा करा. मी मोटार घेण्याआधी एक अख्खा हिवाळा तेच केलं. चहा गार व्हायचा, पण तारे बारीक यायचे.

अल कुआच्या त्या रात्रीचे बिघडलेले फोटो मी पुसलेले नाहीत. ते ओळीनं लावले की पहिल्यापासून शेवटपर्यंत तारे फुगत जाताना दिसतात. वाळवंट कसं थंड होत गेलं, याचीच ती नोंद आहे. सोब्रालच्या काचाही कोणी फेकून दिल्या नाहीत, म्हणून 1979 मध्ये त्यांना पुन्हा विचारता आलं. तुमचेही बिघडलेले फोटो असतील तर जपून ठेवा. दुर्बिणीला नेमकं काय हवं आहे, ते तेच सांगतात. आणि बहुतेक वेळा तिला नवी दुर्बीण नको असते.

येत्या अमावास्येला वाळूत भेटलात तर माझ्या खुर्चीशेजारी या. जाळी माझ्याकडे आहे, पुठ्ठा तुम्ही आणा, तुमचीही कापून घेऊ.

नमस्कार.